शॉवर ठिबकतो

नवऱ्याची आंघोळ झाली की शॉवर ठिबकत राहायचा. माझी झाल्यावर ठिबकत नसे. हे लक्षात आलं तेव्हा मी त्याला काहीच बोलले नाही.

"कॉक घट्ट झालाय," एका सकाळी तो टॉवेल गुंडाळून बाहेर येत म्हणाला. "किती पिळला तरी पूर्ण बंद होत नाही. तुलाही जड जातो ना?"

"जातो जरा," मी म्हटलं.

त्याचा आजार डाव्या पायापासून सुरू झाला होता. डॉक्टरांनी आपली दोन बोटं त्याच्या मुठीत देऊन दाबायला सांगितलं होतं आणि म्हणाले होते, हात अजून शाबूत आहेत; पण पकड कमी वाटली तर लगेच कळवा, थांबू नका. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. तिथे बसून काम करता येतं, पायांवाचून फारसं अडत नाही. पण चष्म्याच्या दांडीतला स्क्रू तांदळाच्या कणीएवढा असतो. त्यामुळे डॉक्टरांचं ते वाक्य आम्ही दोघांनीही पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं.

रविवारी तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कॉक उघडायला लागला. मी मुख्य पाणी बंद केलं. त्याने कॉकच्या मुठीवरचं झाकण नखाने काढायचा प्रयत्न केला, मग मला काढायला लावलं. पाना त्याने नटावर बरोबर बसवला आणि जोर दिला. नट हलला नाही.

"गंजलाय," तो म्हणाला. "तू फिरव, मी सांगतो. डावीकडे. अगं, भिंतीशी भांडू नकोस, नटाशी भांड."

नट सहज फिरला. मी मुद्दाम एकदा "हुं" केलं.

आतला आटेदार दांडा बाहेर आला. त्याच्या टोकाचा वॉशर मी उजेडात धरला. रबर मऊ होतं, कड शाबूत होती, मधे दाबाची एक फिकट गोल खूण तेवढी उमटली होती.

"झिजलाय बघ," तो म्हणाला.

"हो."

आम्ही नवा वॉशर घातला, आट्यांना ग्रीस लावलं. संध्याकाळी मी हात धुवायच्या निमित्ताने शॉवर चालू करून बंद केला. एक थेंबही पडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आंघोळ झाली आणि बाथरूममधून टप टप ऐकू यायला लागलं. मी गेले, कॉक पिळला, आवाज थांबला. बाहेर आले तर तो पॅसेजमध्ये भिंतीला धरून उभा होता.

"वॉशर हलक्या प्रतीचा दिला दुकानदाराने," तो म्हणाला. "कॉकच बदलू."

नवा कॉक त्याने स्वतः निवडला. हार्डवेअरच्या दुकानातले चार-पाच त्याने फिरवून बघितले आणि सगळ्यात हलका घेतला. तोही त्याला दोन्ही हातांनी फिरवावा लागला. "नवा आहे, रुळेल," असं दुकानदाराने त्याला सांगितलं. मी बाजूला उभी राहून साखळीवर टांगलेले शॉवर बघत होते.

आम्ही तो बसवत असताना माझी नणंद आली. तिला बघून तो खुलला.

"काय रे दादा, प्लंबर झालास? आमच्याकडचाही गळतोय. घरचा म्हणून फुकट करशील ना?"

"तुला दुप्पट लावीन."

"वहिनी, ऐकलंत? हा असाच. लहानपणी माझी सायकल दुरुस्त करायला घेतली आणि दोन चाकं वेगवेगळ्या खोल्यांत सापडली."

शेवटचा नट मी आवळला, पाणी सुरू केलं. नणंद पुढे झाली, तर्जनी आणि अंगठ्याने मूठ धरली, फिरवली. पाणी धो धो आलं. तिने उलटं फिरवलं, पाणी थांबलं.

"लोण्यासारखा फिरतोय की! झकास."

तो हसायचा थांबला.

"परत कर."

तिने केलं.

"एका बोटाने?"

"परीक्षा घेतोयस होय?" ती म्हणाली आणि मुठीच्या कडेला एक बोट लावून तिने कॉक उघडला, तसाच बंद केला.

"आता तू," तो मला म्हणाला.

मनगट आखडून, ओठ आवळून दाखवणं मला जमलं असतं. इतके दिवस जमत होतंच. पण तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, बोटांकडे बघत होता. मी कॉक उघडला आणि दोन बोटांनी बंद केला.

"आधीचाही असाच होता?" त्याने विचारलं.

"हो."

तो रागावला नाही. स्टुलावरून पुढे वाकून त्याने मूठ धरली. पाणी सोडता आलं. बंद करताना बोटं मुठीवरून घसरायला लागली. त्याने तळव्याने ढकलून पाहिलं. धार बारीक झाली, पण तुटली नाही.

"ओले आहेत रे हात, पुसून घे," नणंद म्हणाली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

त्याने खरंच हात पुसले. एकेक बोट, मग बोटांच्या मधली जागा. टॉवेलच्या कोरड्या टोकाने मूठही पुसली. पुन्हा धरली, पुन्हा पिळली. मानेच्या शिरा वर आल्या. पाणी ठिबकत राहिलं.

"दादा?" आता तिचा आवाज बदलला. "वहिनी, काय झालंय?"

मी कॉककडे हात नेला. त्याने मान हलवली, तसा मागे घेतला.

"उद्या एका बाईंचा चष्मा द्यायचाय," तो मला म्हणाला. "काचा बसवून ठेवल्यात, स्क्रू राहिलेत. चार दिवस झाले, मी बोटं लावतोय आणि ते खाली पडताहेत. त्यांना फोन कर. दुसरीकडून करून घ्या म्हणावं."

"कारण काय सांगू?"

नणंद माझ्याकडे बघत होती, मी त्याच्या पायांजवळ साचलेल्या पाण्याकडे.

"हात गेले म्हणून सांग," तो म्हणाला. "आणि त्याआधी डॉक्टरांना लाव."

मी फोन आणायला बाहेर गेले.