जाड्याने काय खाल्लं

उलटीत ब्रेडचे चार तुकडे होते, वीतभर सुतळी, शर्टाचं एक बटण आणि हिरवट बिस्किटांचा चुरा, अंदाजे तीन चमचे. मी नोंद केली. जनावरांच्या दवाखान्यात लागून मला चारच महिने झाले होते, आणि उलटी मोजायचं काम नव्या माणसाकडेच येतं.

"बटण माझं," मालक म्हणाले. ते टपाल कचेरीत कारकून होते. "बाकीचं त्याचं."

जाड्या, वजन एकतीस किलो, टेबलावर पाय फाकवून उभा होता आणि होडीत असल्यासारखा डोलत होता. तोंडापुढे हात नेला की दचकायचा. खालून थेंब थेंब लघवी चालू होती. तापमान ३६.९, म्हणजे हवं त्यापेक्षा जवळजवळ दीड अंश कमी. नाडीही मंद, ५८.

"काय खाल्लं यानं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "उंदराचं औषध असेल तर उपचार वेगळा, गोळ्या असतील तर वेगळा. चुकीचं इंजेक्शन गेलं तर कुत्रा हातचा जाईल. खरं सांगा."

मालक, त्यांची आई आणि त्यांची बायको, तिघंही छताकडे बघायला लागली.

मी सलाइनची बाटली आणायला गेले. आजी मागोमाग आल्या. "मुलाला बोलू नकोस हं. माझी तपकिरीची डबी उघडी राहिली होती." परत येताना मालकांनी गाठलं. "आईच्या कानावर घालू नका. मी झोपेच्या गोळ्या घेतो. एखादी पडली असेल पलंगाखाली."

दोन्ही कबुल्या मी डॉक्टरबाईंच्या कानात सांगितल्या. त्यांना कुजबुजायची सवय नव्हती.

"तपकिरीनं नाडी धावली असती," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "झोपेच्या गोळीनं हा गळून पडला असता, असा दचकला नसता. हा गांजा आहे. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत गांजा पकडणाऱ्या जागा कुत्र्यांना माणसापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून झुलतोय."

"तपकीर?" मालक आईला म्हणाले.

"गोळ्या?" आई मुलाला म्हणाल्या.

मग दोघं एका सुरात डॉक्टरबाईंना म्हणाले, "गांजा? आमच्या घरात?"

"पाच बिस्किटं," मालकांची बायको म्हणाली. "आठ होती. काल तीन मी खाल्ली."

मालक मागे सरकत सरकत जनावरांच्या वजनकाट्यावर बसले. काट्यावर ८१.५ आले.

"शिवणाच्या क्लासातली एक जण देते. कुत्र्याच्या खाण्याच्या डब्यात ठेवते मी. त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही."

"म्हणून दुपारी पंख्याकडे बघून हसायचीस होय!" आजी म्हणाल्या. "मला वाटलं, मला हसतेस."

"तुम्हालाच हसायचे, आई."

"अगं, पण कशासाठी?" मालक काट्यावरूनच म्हणाले.

"तुम्ही गोळी घेऊन रात्रभर घोरता. आई दर दोन तासांनी हाक मारतात. दुपारी ते खाल्लं की तासभर डोळा लागतो."

"किती लागतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आधी अर्धं पुरायचं."

"सवय झाली की मेंदू त्या जागा कमी करतो. मग तेवढ्यावर भागत नाही. आणि सोडलं की काही दिवस झोप आणखीच उडते."

"माहीत आहे. सोडून बघितलं. म्हणून तर तीन."

डॉक्टरबाईंनी सलाइन लावलं. "संध्याकाळपर्यंत याला अंधारी खोली, ऊब आणि जवळ ओळखीचं एकच माणूस. बाकीचे घरी जा."

"मी थांबते," ती म्हणाली.

"आणि जेवणाचं?" मालकांनी विचारलं.

"ब्रेड आहे."

"तो यानं खाल्ला!"

"चल रे," आजी म्हणाल्या, "मी करते काहीतरी. आणि रात्री मला काही लागलं तर हाक तुला मारीन. गोळी घेऊ नकोस."

मागच्या खोलीचा पडदा मी ओढला, गरम पाण्याच्या दोन पिशव्या ठेवल्या. ती फरशीवर बसली, जाड्याचं डोकं मांडीवर घेऊन. "वाचेल ना?" एवढंच तिने विचारलं. मी दर अर्ध्या तासाने मोजत राहिले.

पाच वाजता जाड्याचं तापमान ३८.३, नाडी ८४. तिचं डोकं भिंतीला टेकलं होतं, तोंड जरासं उघडं. श्वास मिनिटाला चौदा.