कोटाचा आतला खिसा

माझ्या इस्त्रीच्या दुकानात एक काळा कोट आहे. कुणीतरी इस्त्रीला टाकला आणि न्यायला आलाच नाही. तेव्हापासून गल्लीतला जो कोणी मुलाखतीला निघतो, तो हाच अंगात चढवतो. कोटाने नोकरी मिळतेच असं नाही. पण तो नसला तर वॉचमन मागच्या दाराने यायला सांगतो.

या खेपेला बहिणीचा मुलगा निघाला. लेखी परीक्षेत पहिला आला होता. राहिली होती फक्त मुलाखत, म्हणजे हुशारी सोडून बाकी सगळं तपासायची सोय. नोकरी लागली की दुसऱ्यांची धुणीभांडी बंद, असं बहीण शेजारणींना सांगूनही बसली होती.

"मावशी, टाय गळा आवळतोय गं."

"आवळू दे. मोठ्या पगाराची सवय होतेय."

दुपारी पडलेल्या चेहऱ्याने परत आला. समोर तिघं बसले होते म्हणे. कामाचं एक अक्षर विचारलं नाही. सुट्टीत कुठे जाता? मावशीच्या दुकानात. जेवणाच्या टेबलावर कसल्या चर्चा होतात? टेबल नाही.

"पण मधले साहेब भले होते गं. बाकीचे हसले, ते नाही हसले. शेवटी सही करून मी पेन आतल्या खिशात ठेवायला गेलो, तर एकदम म्हणाले, 'तिथे नको, फाटकाय तो! अस्तरात जाईल.'"

"मग?"

"बाकीचे दोघं त्यांच्याकडे बघायला लागले. त्यातल्या बाई म्हणाल्या, तुम्हाला कसं माहीत? साहेबांनी घटाघटा पाणी प्यायलं आणि फाईल मिटली."

साहेबांना कसं माहीत, ते मी सांगते. फार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक जण हाच कोट घालून त्याच कंपनीत चिकटला. त्याचंही पेन अस्तरात गेलं होतं, आणि परत येऊन त्याने माझ्यावरच तोंडसुख घेतलं होतं. पहिल्या पगाराला त्याने गल्ली सोडली, ती कायमची.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. उमेदवार हुशार आहे, पण आमच्या वातावरणात रुळणार नाही. खाली मधल्या साहेबांची सही. वातावरणात रुळायला काय काय विसरावं लागतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बहीण पदर खोचून कामाला निघून गेली.

मी कोट उलटा केला आणि तो खिसा दुहेरी दोऱ्याने पक्का शिवून टाकला. पुढच्या पोराच्या वेळी साहेबांना आमची काळजी वाटायला नको.