पाणी मागे सरलं तेव्हा

“आवं आजी, थांबा तितंच! फुडं गाळ हाय!”

लंकाबाईची हाक आली तेव्हा दमयंतीबाई तलावाच्या काठी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतल्या होत्या. एक चप्पल गाळात गेली होती. पण त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. लंकाबाईने खांद्याला धरून ओढून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “पाणी कुठे गेलं गं?”

“पाऊस न्हाई तर कुटं ऱ्हाईल? पार खाली गेलंय. तुमी त्याच्या मागं मागं आलात व्हय?”

दमयंतीबाईंची दृष्टी काचबिंदूने चाळिशीतच गेली होती. पण नगरशेजारच्या भिंगारला त्यांचं काही अडलं नव्हतं. डोळे होते तेव्हाच सगळी गल्ली पायांना पाठ झाली होती. डाव्या हाताला पिठाच्या गिरणीची घरघर, पुढे सायकलच्या दुकानातला रबराचा वास, मग देवळाची थंड फरशी. भाजी त्या स्वतः निवडून घ्यायच्या. एकाहत्तर साली मुलाची, शामकांतची, बदली राहुरीकडच्या तलावावर झाली. तो पाटबंधारे खात्यात कारकून. भिंगारची भाड्याची खोली सोडली आणि संसार ट्रकमध्ये चढला.

इथे क्वार्टरची पायरी उतरली की नुसता माळ. भिंत नाही, गल्ली नाही, वारा चारी बाजूंनी. आल्या आल्याच त्या अंगणातल्या अंगणात हरवल्या आणि सून सुमेधा बाहेर येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग दिवसभर व्हरांड्यात बसू लागल्या. बोलणं कमी झालं, जेवणही.

दूध घालायला येणाऱ्या लंकाबाईनेच एका सकाळी त्यांना पाण्यावर नेलं. लाटा दगडांवर चुबुकचुबुक आपटत होत्या. दमयंतीबाई मान तिरकी करून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. पुढे त्या एकट्या जाऊ लागल्या. आवाज समोर ठेवून जायचं, पाठीशी ठेवून परतायचं. आपलं लुगडं आपण धुऊन आणायच्या. “आज बदकं आली होती गं,” असं सुमेधाला सांगायच्या, आणि दोन घास जास्त जेवायच्या.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. पाणी रोज थोडं मागे सरायचं, त्या रोज थोड्या पुढे जायच्या. घरी कुणाला बोलल्या नाहीत. गाळात रुतल्या त्या दुपारी वारा पडला होता. लाटांचा आवाजच लागेना, तरी त्या चालत राहिल्या.

संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या शामकांतचा आवाज चढला. “काही झालं असतं म्हणजे? उद्यापासून एकटीने पायरी उतरायची नाही.”

“अहो, हळू,” सुमेधा म्हणाली.

दमयंतीबाई काडीने नखांतला गाळ काढत होत्या. “शाम, मला भिंगारला ठेव. माझी मी राहीन.”

“कुठे ठेवू, आई? खोलीत दुसरं बिऱ्हाड आलंय. ती पिठाची गिरणीसुद्धा हलवली म्हणे.”

“गिरणी हलवली?”

“हो.”

त्यानंतर त्यांनी भिंगारचं नाव काढलं नाही. पायरीही उतरल्या नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पाणी चढत चढत जुन्या दगडांपाशी आलं. लंकाबाई दूध ओततानाच म्हणाली, “आजी, आलं बगा पानी! चलता न्हवं?”

“बरं झालं गं,” दमयंतीबाई म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत.

रविवारी शामकांत स्वतःच म्हणाला, “आई, चल, मी नेतो.”

दोघं काठावर उभी राहिली. लाटांचे तुषार पायांवर उडत होते. शामकांतला वाटलं, आता ही म्हणेल, तू जा, माझी मी येते. ते ऐकायला तो किती आतुर झाला होता, याचं त्यालाच नवल वाटलं. तो मुद्दाम थोडा बाजूला सरकला.

लगेच आईची बोटं हवेत चाचपू लागली.

“शाम, आहेस ना?”

“आहे, आई.”

शर्टाची बाही सापडली, तशी ती त्यांनी मुठीत घट्ट धरली.

“चल, घरी जाऊ.”