तोमिएने सोडलेला बांगडा

तोमिए रोज पहाटे याकुशीच्या देवळात जाई. दुखणी बरी करणारा हा बुद्ध मिकुनी बंदराच्या चढणीवर, हातात औषधाची कुपी धरून बसलेला आहे. त्याच्यापुढचं पाणी बदलायचं, हात जोडायचे आणि मग घरी येऊन चहा. नवरा गेल्यापासून बारा वर्षांत तिचा एकही दिवस चुकला नव्हता. स्वतःसाठी तिने कधी फारसं मागितलंही नव्हतं. पण यंदा एप्रिलात एक मागणं मागितलं, आणि त्यापायी जिभेची सगळ्यात लाडकी गोष्ट सोडली. बांगडा.

मागणं होतं गल्लीतल्या सुशीवाल्यासाठी.

त्याचं नाव रोकुरो, पण सगळी गल्ली त्याला तैशो म्हणे, म्हणजे दुकानाचा धनी. दुकान केवढं, तर आठ माणसं खेटून बसतील एवढी लाकडी फळी आणि दारावर विटलेला निळा पडदा. दुपारचं ताट स्वस्त: आठ सुशी आणि वाटीभर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार. कोळ्यांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांना तेच. आठातली शेवटची बांगड्याची. मासा पहाटे मिठात दाबलेला, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला. तोमिए दर गुरुवारी यायची, कोपऱ्यातली जागा धरायची आणि ती शेवटची सुशी डोळे मिटून खायची. ते डोळे मिटणं बघायला तैशो हातातली सुरी थांबवायचा. असं तीस वर्षं चाललेलं.

मार्च सरता सरता तैशो गोदामाच्या जिन्यावरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, पण पहिल्यासारखा चालेल असं काही सांगता येत नाही. भात किती दाबायचा हे ज्याच्या बोटांनाच ठाऊक, त्याला हे ऐकणं किती जड गेलं असेल! तोमिए दुसऱ्या पहाटे बुद्धापुढे म्हणाली, "तैशोचा हात पहिल्यासारखा होईतो मी बांगड्याला शिवणार नाही." हे तिने कुणालाच सांगितलं नाही. नवस बोलून दाखवला की त्यातलं बळ जातं, असं तिच्या आईने तिला शिकवलेलं.

सप्टेंबरात दुकान पुन्हा उघडलं. तोमिए पहिल्याच गुरुवारी हजर. सात सुशी खाल्ल्या आणि आठवी हळूच पुढे सरकवली.

"तैशो, आज पोट भरलं हो. बांगडा राहू दे."

पुढच्या गुरुवारी म्हणाली, डॉक्टरांनी तेलकट मासा कमी करायला सांगितलाय. हे चक्क खोटं होतं. दुसऱ्या पहाटे तिने बुद्धापुढे त्या खोट्याची माफी मागितली. तिसऱ्या गुरुवारी विचारलं, "बांगड्याऐवजी अंड्याची देता?"

तैशो मान तुकवून "हो" म्हणाला. पण मिकुनीत तोंडावर "चव बिघडली" असं कुणीच म्हणत नाही. पोट भरलं म्हणतात, डॉक्टरांचं नाव सांगतात. म्हणून तिथे गोड आवाजातलं "नको" मनाला जास्त लागतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तैशोची बायको हात्सुको दारातच उभी होती. हातात एक कागद.

"तोमिए-सान, आत जाण्याआधी हे वाचा."

कुंचल्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'या महिनाअखेर दुकान बंद होत आहे. इतकी वर्षं आलात, आभारी आहोत.'

"अगं, का?"

"का म्हणून मला विचारता? तुमच्यामुळे!" हात्सुकोने आवाज दाबला. "तुम्ही गेलात की तुमच्या वाटचा बांगडा घेऊन बसतो. अर्धा आपण चावतो, अर्धा माझ्या तोंडात कोंबतो. म्हणतो, सांग काय कमी आहे! मला तर काहीच कमी लागत नाही. तर म्हणतो, तुला काय कळतंय, तोमिए-साननी बांगडा सोडला म्हणजे माझा हात संपला."

ज्या हातासाठी नवस केला, त्याच हातावर ती दर गुरुवारी पाय देत होती.

ती कोपऱ्यात बसली. तैशो पाठमोरा भाताला वारा घालत होता. बोलावं तर नवसाचं बळ जातं. खावं तर नवस मोडतो. गप्प राहावं तर तो कागद दारावर चढतो. मग तिच्या मनात आलं, हात पहिल्यासारखा झाला की नाही, हे सांगणार कोण? बुद्धाच्या हातात कुपी आहे, सुशीची बशी थोडीच आहे! ते या गल्लीतल्या जिभेनेच ठरवायला हवं.

"तैशो, आज आधी बांगडा द्या."

तो वळला. "आणि पोटाचं काय? डॉक्टरांचं?"

"डॉक्टरांना काय कळतंय!"

त्याने भात उचलला. मनगटावरचा व्रण ताणला गेला, बोटं क्षणभर अडली, मग मिटली. तोमिएने मनातल्या मनात हात जोडले, सुशी तोंडात ठेवली आणि डोळे मिटले. तैशोची सुरी थांबली.

"भात सैल झालाय," ती म्हणाली. आज तिला खोटं बोलायचं नव्हतं.

"कळलं." त्याने सुरी खाली ठेवली.

"काय कळलं? पुरतं ऐका तरी! दोन वर्षं झाली माझे खालचे दात जाऊन. तुमचा तो घट्ट भात मी तोंडावर हात धरून, लपवून लपवून चावत होते. हा एका घासात विरघळला. आणि बांगडा? अगदी तसाच आहे, तैशो. आणखी एक द्या."

"मग इतके दिवस का टाकत होतात?"

तिने सांगितलं. मान खाली घालून, सगळं.

पडद्यामागून हात्सुको म्हणाली, "अगं बाई! हा इकडे झुरतोय, त्या तिकडे जीभ मारतायत, आणि अर्धे बांगडे माझ्या माथी!"

तैशो नळाकडे वळला. पाणी उगाचच बराच वेळ वाहत राहिलं.

"खोटं बोललात तुम्ही माझ्याशी," तो पाठमोराच म्हणाला.

"त्याची माफी मागून झालीय. वर, देवळात."

"मग आता इथेही मागा."

"मागते. पण दुसरा बांगडा कुठाय?"

तो हसला. सुशी वळता वळता बायकोला म्हणाला, "तो कागद उलटा कर. मागे लिही, आज बांगडा चांगला आहे."

दुसऱ्या पहाटे तोमिए देवळात पाणी बदलत होती, तेवढ्यात चढणीवर कुणाच्या तरी धापा ऐकू आल्या. तैशो होता. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने हात जोडले. उजवा तळवा डाव्याला पुरता टेकत नव्हता, मध्ये थोडी फट राहत होती.

तोमिएने ते पाहिलं आणि त्याला उभं राहायला नीट जागा व्हावी म्हणून जरा सरकली.