पाठमोरीला स्टूल

विश्वेश क्षेमकल्याणींचा अर्धवट चित्रांवर भारी जीव. "पुरं केलेलं चित्र मेलं म्हणून समजा," हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. "चार रेघा आपण माराव्यात, उरलेलं बघणाऱ्यानं पुरं करावं!"

सत्त्याण्णवच्या दिवाळीत बायकोचं, सुमेधाचं, एक रेखाटन त्यांना झकास जमलं. पाठमोरी सुमेधा, सैल अंबाडा, कण्याचा किंचित बाक आणि कमरेखाली नुसत्या दोन-तीन रेघा. ती चहा टाकायला उठतेय, हे तेवढ्या रेघांतही दिसत होतं.

चित्र फ्रेमसाठी रविवार कारंज्यावर ज्ञानेशच्या दुकानात गेलं. ज्ञानेश भला माणूस. लोकांच्या पणजोबांचे वाळवीनं खाल्लेले कान आणि पगड्या तो फोटोत शाईनं भरून द्यायचा, तेही फुकट. इथेही त्यानं हात आखडला नाही. सुमेधाला पाय काढले, जोडवी घातली आणि खाली दणकट स्टूल दिलं.

विश्वेशरावांनी घर डोक्यावर घेतलं. "सत्यानाश केला गाढवानं! कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच की! उरलेलं बघणाऱ्यानं पुरं करावं म्हणता ना? त्यानं केलं," सुमेधा म्हणाली. मग फ्रेम उजेडात धरून बघतच राहिली. "अहो, तुमच्या एकाही चित्रात मी बसलेली नाही. त्यानं मला एकदाच बघितलं, आणि आधी बसायला दिलं."

फ्रेम स्वयंपाकघरात लागली. तिच्याखाली खुर्ची ओढून सुमेधा ऐसपैस बसली.

"चहा-साखर खालच्या फळीवर आहे," ती म्हणाली.