उभ्या माणसाचं टेबल

"अहो, हे उंदरांनी पोखरलंय की तुम्ही?"

सुतार वरून टेबल पुसत होता. हात थांबला. बायको खाटेवर उताणी, आणि टेबल तिच्या छातीवरून आडवं. पाठीच्या कण्यानं दगा दिल्यापासून तिचं उठणं-बसणं संपलं होतं. भरवताना वाटी, औषध, पाणी हाताशी राहावं म्हणून सुनेनं हे टेबल मागितलं होतं.

तो गुडघ्यांवर बसला, मान वाकडी करून खालून बघितलं. फळ्यांच्या जोडाशी तिरक्या भोकांची रांग. प्रत्येक भोकात स्क्रूचं डोकं.

*भोक नेहमी न दिसणाऱ्या बाजूला पाडावं.*

जन्मभर त्यानं एका फळीत पटाशीनं खाच पाडून तिच्यात दुसरीची कूस बसवली. हात थरथरायला लागला तशी पटाशी ठेवून दिली. मग मुलानं जिग, म्हणजे भोक पाडायचा साचा, आणून दिली. ती फळीवर आवळायची, तिच्या नळीतून ड्रिल सोडायचं, की भोक आपसूक तिरकं पडतं. हात थरथरला तरी नळी थरथरत नाही. आधी त्यानं नाक मुरडलं. मग टाकाऊ तुकड्यांवर शिकला.

*ड्रिलवरचं कडं मोजून बसवावं, नाहीतर टोक पलीकडे निघतं. ड्रिल आधी फिरू द्यावं, मग लाकडात घालावं. फळ्या शिकंज्यात आवळल्याशिवाय स्क्रू मारू नये; एक फळी वर उचलली जाते. शेवटचा पीळ हातानं.*

सगळं नीट केलं होतं. फक्त उभ्या माणसाच्या डोळ्यांनी केलं होतं.

डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता फार दिवस धरू नका. मुलानं ते बापाला सांगितलं. तिला कुणीच सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

सुतारानं टेबल अंगणात नेलं, स्क्रू काढले, वरचा भाग पालथा घातला. आता खाली येणाऱ्या बाजूला रंधा मारला, घासलं, तेल पाजलं. टेबल परत आलं तेव्हा मुलगा हसला. बाबा, वरचं खाली गेलं की हो. सून म्हणाली, औषध सांडलं की भोकात जाणार. तो म्हणाला, फडकं अंथर.

बायकोनं हात वर करून लाकडावर तळवा फिरवला.

"गुळगुळीत झालंय."

"मग?"

"मग काय. आधी बघायला काहीतरी होतं. दुपारी ऊन आलं की आत चकाकायचं. वाटायचं, कोण राहत असेल यात."

"आधी बोलायचं नाही का गं?"

"तुम्ही इतक्या हौसेनं उलटवत होतात."

*जोड नसेल तिथं भोक पाडू नये.*

असा नियम कुणी सांगितलेलाच नाही. कुणाला तशी वेळ आलेली नसावी.

त्यानं फळीच्या खालच्या बाजूला, ऐन मधोमध जिग आवळली. एकच भोक. त्यात पितळी स्क्रू घातला. तो त्याच फळीत शिरला आणि तिथंच संपला.

"हा कशाला जोडलाय?" ती खालून म्हणाली.

"कशालाच नाही."

"मग नीट आवळा. तोंडावर पडायचा माझ्या."

त्यानं शेवटचा पीळ हातानं दिला. दुपारी ऊन आलं, तेव्हा ती कितीतरी वेळ वर बघत होती. तो बाजूला स्टुलावर बसून तिच्याकडे.

ती गेली. खाट हलवली. टेबल आपल्या खोलीत नेतो म्हणून मुलानं फळ्या सुलट्या केल्या, तर ते भोक बरोबर वर आलं, मधोमध.

"बाबा, हे कशाला पाडलं? इथं जोड कुठाय?"

"चुकून पडलं."

लाकडी बूच मारून घासून टाकतो, कळणारसुद्धा नाही, असं म्हणत मुलगा आत बूच शोधायला गेला.

सुतारानं भोकात फुंकर मारली. धूळ उडाली. मग टेबलाची वरची बाजू उचलली आणि भोक खाली जाईल अशी पुन्हा पालथी घातली.