कुरळ्या शिंगरीची शपथ

आमच्या अणदूरच्या मळ्यात घोड्या जन्मतात, वाढतात, विकल्या जातात. पण अंगभर कुरळे केस असलेली शिंगरी पागेत पहिल्यांदाच झाली. थंडीत तर ती लांबून मेंढरूच वाटायची. जत्रेत तिला बघायला ही गर्दी लोटली, आणि तिथूनच उमरग्याकडचे गुरुसिद्धप्पा तिच्या मागे लागले. त्यांचा तरुण मुलगा गेल्या वर्षी गेला. घरातल्या नातवंडांना हसायला काहीतरी हवं, म्हणून त्यांना हीच पाहिजे होती.

खोट पहिल्यांदा माझ्या हाताला लागली. खरारा करताना तिच्या उजव्या डोळ्याखाली, कुरळ्या केसांत दडलेला भोवरा सापडला. आसूढाळ. डोळ्याखाली असा भोवरा असलेलं जनावर मालकाच्या घरात रडं आणतं, असं घोडेवाले मानतात. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पण घेणाऱ्याचा असतो, आणि खोड लपवून विकणं म्हणजे आमच्या धंद्यात चोरीच.

मी नवऱ्याला, रणधीरला, सांगितलं. तो म्हणाला, "गप बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आन् तात्या शपथ घेतील, त्याचं काय?"

तात्या म्हणजे माझे सासरे. घोडं विकताना ते त्याच्या कपाळाला भंडारा लावतात आणि यात खोड नाही अशी खंडोबाची शपथ घेतात. त्या शपथेवर लोक न तपासता घोडं घेऊन जातात. हल्ली तात्यांना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही, म्हणून जनावर बघायचं काम त्यांनी रणधीरवर सोपवलंय.

"त्यांला म्हाईतच न्हाय, तर पाप कसलं?" रणधीर हसला. "आन् देव तर सध्या नळदुर्गाला गेलाय. त्याला हितलं कुठं ऐकू येतंय?" आमच्या खंडोबाची मूर्ती दरवर्षी काही दिवस नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला असते, त्यावरचा हा विनोद.

मला असा राग आला, की हातातला खरारा त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. फेकला नाही. पण तात्यांकडंही गेले नाही.

सोमवारी गुरुसिद्धप्पा टेम्पो घेऊनच आले. त्यांनी शिंगरीच्या मानेवरच्या कुरळ्यांत बोटं घातली आणि हसले. हसायची सवय मोडलेल्या माणसाचं हसू होतं ते. मला तिथं उभं राहवेना.

तात्यांनी बटव्यातून चिमूटभर भंडारा घेतला. "रणधीर, बगितलंस न्हवं समदं?"

"व्हय तात्या. एकदम साफ."

तात्यांचा पिवळा हात शिंगरीच्या कपाळाकडं निघाला. बोलले तर नवरा जन्मभर धरून बसणार. न बोलले तर हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटी शपथ घेणार, आणि त्याला ते कळणारसुद्धा नाही. रणधीरनं माझ्याकडं बघून डोळे वटारले.

"तात्या, थांबा," मी म्हणाले. "आधी उजव्या डोळ्याखाली हात लावून बगा."

त्यांचा अंगठा हळूहळू केसांत शिरला, एका जागी थांबला, तिथंच गोल फिरला. गुरुसिद्धप्पांनी मानेवरचा हात काढून घेतला.

"तुला कधीपास्नं ठाव हाय?" तात्यांनी विचारलं.

"पंधरवडा झाला."

"आन् ह्याला?"

खरं बोलून टाकलं की मी सुटले, असं मला वाटलं होतं. ते हे विचारतील, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी मातीकडं बघत राहिले.

"त्यांला बी ठाव हाय," मी म्हणाले.

तात्यांनी भंडारा परत बटव्यात टाकला आणि गुरुसिद्धप्पांना हात जोडले. "पावनं, माफी करा. ह्या पागंत आता शपथ हुनार न्हाय. मला दिसत न्हाय, आन् ज्याच्या डोळ्यांनी बगत हुतो, त्यो माझ्याशीच खोटं बोलला."

टेम्पो रिकामा परत गेला. "तात्या, आवं ऐका तर," म्हणत रणधीरनं त्यांचा दंड धरला. तात्यांनी तो सोडवून घेतला, मोकळा हात हवेत चाचपडत माझ्या दिशेनं पुढं केला आणि म्हणाले, "चारुशीला, मला घरापतोर ने."